जळमट समजून काढलेलं घरटं

डोंबिवली (पूर्व)
रविवार

प्रिय मृणाल,

हे पत्र उघडलंस, तेवढंच मला पुरे. संक्रांतीपासून तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून गुरुदत्तच्या हाती देते आहे. मधे एक शब्द बोलायचा नाही, नुसतं पोचवायचं, असं तुझ्या भावाला बजावलंय. बुधवारी ठाण्याच्या कोर्टात तुझ्या घटस्फोटाची तारीख आहे आणि नौपाड्याच्या खोलीवरून तू एकटीच जाणार आहेस, हेही त्यानंच सांगितलं. त्याबद्दल लिहायचंच आहे. पण आधी दुसरं एक सांगते. ते सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी घर झाडायला काढलं. माझी सवय तुला माहीत आहे, कोपऱ्यात एक जळमट राहिलं तरी मला गुढीपुढे उभं राहवत नाही. बाल्कनीत केबलची तुटकी वायर लोंबते ना, तिला वीतभर जळमट लटकलेलं दिसलं. सुकी पानं, सालीचे तुकडे, कागदाचा कपटा, कसला तरी काळा भुगा, सगळं कोळ्याच्या जाळ्यात गुरफटलेलं. लांब झाडूचा एक फटका मारला. सुपलीत भरताना बोटाला ओलं लागलं. आत शेंगदाण्याएवढं अंडं होतं, फुटलेलं.

मी शेजारच्या योगिनीला हाक मारली. शाळेत विज्ञान शिकवते ती, रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघायला जाते. तिनं ते हातात घेतलं आणि म्हणाली, काकू, हे शिंजिराचं घरटं आहे. मादी एकटीच बांधते. कोळ्याची जाळी चोचीनं ओढून आणते, त्यांची दोरी करते, आणि तिला हा कचरा चिकटवत जाते. तो काळा भुगा म्हणजे सुरवंटांची विष्ठा, म्हणाली. मी हात धुवायला उठले तर हसायला लागली. मी विचारलं, बाई गं, एवढंसं देखणं पाखरू, स्वतःच्या घराला घाण कशाला लावून घेतं? तर म्हणते, कावळ्यानं पाहिलं तर त्याला जळमट वाटावं म्हणून. तुम्हालाही वाटलंच की.

म्हणजे ऐन पाडव्याच्या तोंडावर मी कावळ्याच्या पंगतीला बसले. संध्याकाळी उपास धरला. तुझे बाबा म्हणाले, उपासानं अंडं जोडत असेल तर मलाही सांग, मीही धरतो. राग आला, पण त्यांचं चुकलं नव्हतं. माझं असंच आहे बघ. हातून काही वाईट झालं की मी जेवण सोडते, आणि ज्याचं वाईट झालं तो तिथेच राहतो.

चौथ्या दिवशी ती परत आली. त्याच वायरवर. अंगठ्याएवढा जीव, वरून मातकट, पोटाशी पिवळट. नर मात्र निळा-काळा, उन्हात रेशमासारखा झळकणारा. तो आपला समोरच्या जास्वंदीवर बसून नुसता गायचा. मी नावं ठेवली तर बाबा म्हणाले, घरात एकानं तरी गायला हवं. (पुढे पिल्लं झाल्यावर तोही चोच भरून आणायला लागला, तेव्हा मी माझे शब्द मागे घेतले.) घरखर्चाच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर मी तिच्या खेपा लिहायला लागले. पूजा आटोपल्यापासून कुकर उतरेपर्यंत एकेचाळीस खेपा. पहिले दोन दिवस निम्मा माल खालीच पडायचा. मग वायरीला पीळ बसला, खाली पिशवी फुगली, बाजूला दार झालं आणि दारावर पाणी आत जाऊ नये म्हणून इवलासा छज्जा.

आतलं अस्तर कशाचं केलं सांगू? मी बाल्कनीत वाती वळत बसते, त्या कापसाचं. माझा लाख वातींचा नेम कशासाठी होता, हे तुला कधी सांगितलं नाही, पण तू ओळखलं असशील. तुझं आणि साकेतचं पुन्हा जुळावं म्हणून. बासष्ट हजार झाल्या होत्या. ती पाटावरून कापूस उचलायला लागली, तसा मी रोज एक पुंजका ग्रिलला अडकवून ठेवायला लागले. वाती अजून वळते आहे, देवाजवळचं मागणं मात्र बदललं.

तिला बघताना मला कल्याणचं तुझं घर आठवायचं. दिवाणखान्यातलं झुंबर, काचेचं कपाट, नावाच्या पाटीमागे लागणारा दिवा. भजनी मंडळातल्या बायकांना मी त्याचं वर्णन किती वेळा ऐकवलं असेल. शिंजिराच्या घरट्याला बाहेर सगळा कचरा आणि आत कापूस. तुझ्या त्या घरात तुझ्यासाठी मऊ असं काय होतं, ते मी कधी विचारलं नाही.

अंड्यांतून दोन पिल्लं निघाली आणि त्याच आठवड्यात सोसायटीनं रंगकाम काढलं. परांचीचे बांबू आपल्या बाल्कनीपर्यंत आले. मी पाट टाकून दारातच बसले. सेक्रेटरी मितेश वर आला, म्हणाला, काकू, एका चिमणीसाठी अख्खी बिल्डिंग लटकवू का? मी म्हटलं, चिमणी नाही, शिंजीर आहे, आणि लटकवायचं काम तिनं केलंय, तू फक्त थांब. तो म्हणाला, पावसाच्या आधी संपवायचंय. मी म्हटलं, मग दुसऱ्या विंगेपासून सुरू कर, ही शेवटी घे. मीटिंगमधे पंधरा माणसांसमोर उभं राहून हेच पुन्हा सांगितलं. मितेश हो म्हणेपर्यंत खाली बसले नाही. बत्तीस वर्षांत मी त्या मीटिंगमधे फक्त चहा दिला होता. बांबू काल दुसऱ्या विंगेकडे गेले. पिल्लांना पिसं फुटली आहेत, दोन-तीन दिवसांत उडतील असं योगिनी म्हणते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तीन वर्षांपूर्वी नागपंचमीच्या आदल्या दुपारी तू आली होतीस. दंडावर चार बोटं उमटलेली होती, ओठ सुजला होता. मी हळद लावली, पिठलं-भात वाढला, आणि तू नको नको म्हणत असताना तुझी ओटी भरून दिवे लागायच्या आत तुला रिक्षात बसवलं. ओटी भरून निघालेल्या लेकीला ती का आली होती हे कोणी विचारत नाही, म्हणूनच भरली. पुढे साकेतची आई बोलणी करायला आली, तेव्हा तिच्यासमोर मी म्हणाले की मृणालनं माहेरी कधी एका शब्दानं तक्रार केली नाही. तेच वाक्य त्यांनी आता कोर्टात लिहून दिलंय. ते खोटं आहे, आणि ते माझं आहे, तेव्हा ते मीच खोडणार. बुधवारी साडेनऊला मी कोर्टाच्या दाराशी असेन. त्या दुपारी काय पाहिलं आणि काय केलं, दोन्ही सांगणार आहे, साकेतच्या आईसमोर. बाबांना सांगून झालंय, ते सोबत येतील. तू माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही, मी मागच्या बाकावर बसेन. फक्त तुझ्या वकीलबाईंना विचारून ठेव, साक्षीला काय करावं लागतं. प्रतिज्ञापत्र करायचं असेल तर ते मला कोणी वाचून दाखवायला नको. मॅट्रिक आहे मी, वाचूनच सही करीन.

तुझीच,
आई