करपलेला पाव

प्रिय आई,

माणसाने सुधारायचं वचन पुन्हा पुन्हा मोडलं, तर देव कुठल्या खेपेला कंटाळत असेल? एवढी पुस्तकं वाचली, पदवी घेतली, पण मला याचं उत्तर येत नाही. तुला येत असेल तर भेटल्यावर सांग.

तू मामाकडे गेल्यापासून आपली पावाची भट्टी कशीबशी चालते. तुझा हात कसा आहे? ज्या दिवशी बाबांनी नशेत तापलेला ट्रे तुझ्या हातावर सोडला, त्या दिवसापासून ते तो ट्रे वापरत नाहीत. पण पिणं सोडलं का, तर नाही. मध्यंतरी बरे होते. दाढी करायचे, वेळेवर पीठ मळायचे. म्हणून पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाचा, रविवारी सगळ्या मंडळीला वाटायचा पाव भाजायचं काम पुन्हा त्यांच्याकडेच दिलं. शनिवारी संध्याकाळी त्यांनी पाव भट्टीत ठेवला आणि भट्टीसमोरच पिऊन झोपले. मी शाळेत शिकवून आले तेव्हा गल्लीभर करपट वास होता.

रविवारी सकाळी ते सुरीने काळं खरवडत बसले होते. मला म्हणाले, "तू नेऊन दे गं, मला तोंड नाही." मी म्हणाले, "तुम्हीच न्या." रागानेच म्हणाले. तू कपाटात ठेवून गेलीस त्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून त्यांनी तो चर्चमध्ये नेला. पाळकसाहेबांनी फडकं उघडलं, पाव बघितला, बाबांकडे बघितलं, आणि मेजावर ठेवला. मोडताना कडक कवचाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत आला. सगळ्या मंडळीने तो कडू घास खाल्ला. आपली तिखट मावशी तेवढी पुटपुटली, "चला, कोळसा पोटाला बरा असतो म्हणतात." पुढच्या बाकावरच्या शिंपीणबाईंनी खोकल्यात हसू लपवलं.

बाबा दाराजवळच्या बाकावर होते. पाळकसाहेब ताट घेऊन त्यांच्यापर्यंत गेले. बाबांनी मान हलवली. पाळकसाहेब हलले नाहीत. त्यांचे दुखरे गुडघे तुला माहीतच आहेत. शेवटी ते बाबांच्या शेजारी बसले, ताट मांडीवर घेतलं आणि आम्हाला म्हणाले, "तुम्ही निघा घरी. आम्ही बसतो जरा."

दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा ताट रिकामं होतं. पाळकसाहेब बाकावर बसल्या बसल्या झोपले होते आणि बाबा रुमालाने त्यांच्या तोंडावरच्या माश्या हाकत होते.

इथेच थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण खोटं कशाला सांगू, त्याच आठवड्यात ते पुन्हा प्यायले. मी तणतणत पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, मग त्या दिवशी बसून काय उपयोग झाला? ते चष्मा पुसत म्हणाले, "मला काय ठाऊक, पोरी. ताट धरणं माझं काम. खाणाऱ्याचं पुढे काय होतं ते ज्याचं ताट आहे त्याला विचार." मी विचारलं. अजून काही उत्तर आलेलं नाही. पण त्या दिवसापासून मला बाबांचा राग येतो तेव्हा तो करपट घासही जिभेवर येतो. मीही तो खाल्ला होता, आणि तो मला कुणी मार्क बघून दिला नव्हता.

आता खरं कारण. शाळेने मला दोन खोल्यांचं घर दिलंय, आणि ठरल्याप्रमाणे तू या शनिवारी कायमची माझ्याकडे येणार आहेस. बाबांना मागे ठेवायचं, हेही आपण दोघींनी ठरवलं होतं. ते मला जमलं नाही. काल मी त्यांची पेटी आणि अंथरूण इकडे आणलं. ते बाहेरच्या खोलीत, दाराशी झोपतात. दारू घरात आणायची नाही, पिऊन आले तर पायरीवर झोपायचं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. तू त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. भाजलेला हात तुझा आहे. तू आली नाहीस तरी मी रुसणार नाही, दर सुट्टीला मामाकडे येईन. फक्त गाडीत बसण्याआधी तुला हे माहीत असावं, म्हणून लिहिलं. आतली खोली तुझी आहे. तिला आतून कडी नव्हती. आज सकाळी सुताराला बोलावून बसवून घेतली आणि स्वतः लावून पाहिली. घट्ट बसते.

तुझीच,
अतिशहाणी