डाव्या मुठीतली तरतूद

मी, कोपऱ्यावरच्या शिंप्याची विधवा, डोकं ठिकाणावर आणि चष्मा नाकावर असताना, कोणी सांगितलं म्हणून नव्हे तर उरकून टाकावं म्हणून, हे मृत्युपत्र स्वतःच्या उजव्या हाताने लिहिते. लिहायला-वाचायला मी गिऱ्हाइकांच्या मापांच्या चिठ्ठ्यांवरून शिकले. मध्येच कुठे 'छाती' किंवा 'कंबर' आली तर सांभाळून घ्यावं.

१. राहती खोली आणि पुढचं दुकान मुलाला. दाराची कडी वर उचलून ओढायची, आदळायची नाही.

२. शिलाई मशीन सुनेला. ते एकाच माणसाने चालवायचं असतं. आमच्याकडे हे उजव्या हाताने चाक फिरवीत आणि डावीकडून कापड मी सरकवी, कारण ह्यांचा डावा हात गुंतवणुकीत गुंतलेला होता.

३. ते असं झालं. सगळी शिल्लक घालून ह्यांनी सोन्याचं बिस्कीट घेतलं. सल्लागाराने बजावलं, "काका, ही म्हातारपणाची सोय. वीस वर्षं धरून ठेवा. काही झालं तरी सोडायचं नाही." ह्यांनी तिथेच मूठ मिटली ती मिटलीच. आंघोळीत, झोपेत, मुलाच्या लग्नातसुद्धा. महिन्याभराने मी सल्लागाराला घरी आणलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो काका, धरून ठेवा म्हणजे विकू नका!" हे म्हणाले, "आता माघार नाही. भाव वाढलाय."

४. त्या सल्लागाराला ह्यांचे डाव्या हाताचे हातमोजे, सगळे कोरे. त्याने ते धरून ठेवावेत.

५. बिस्कीट. मागे मुलगा म्हणाला, "आई, तुझ्यानंतर मी धरीन." बोलताना त्याची डावी मूठ मिटलेली होती. आतून सून ओरडली, "आधी पोराला धरा, पडतंय ते!" म्हणून बिस्कीट सुनेला. तिने ते लगेच विकावं आणि दोघांनी म्हातारपण थोडं आत्ताच सुरू करावं. मुलाने हट्ट धरलाच, तर तिने त्याच्या दोन्ही हातांत बाळ द्यावं.

६. ह्यांच्यामागे मी बिस्कीट का धरून बसले, असं सगळे विचारतात. दवाखान्यात शेवटच्या सकाळी ह्यांनी मूठ उघडली. मुदत संपायला अजून अवकाश होता. बिस्कीट चादरीवर पडलं. रिकामा हात माझ्याकडे करून म्हणाले, "धर." काय धरू कळेना, म्हणून दोन्ही धरलं. उजव्या हातात ह्यांचा हात, डाव्यात बिस्कीट. दोन्ही सारखंच गरम होतं. मग एकच गरम राहिलं. ते मी गार होऊ दिलं नाही. आताची ऊब माझीच आहे, एवढं मला कळतं.

वकीलबाई म्हणतात, "आजी, सही झाली तरी डावा अंगठा लागतोच. त्याशिवाय कागद पुरा होत नाही." मी म्हटलं, "बिस्किटाच्या पावतीवर तारीख बघा बरं, वीस वर्षांची मुदत कधी संपते?" त्या म्हणाल्या, "आजच संपते."

तेव्हा बिस्कीट टेबलावर ठेवते. कागदही उडणार नाहीत.

साक्षीदार: समोरचा न्हावी, ज्याला ह्यांनी डाव्या हाताची नखं कधी कापू दिली नाहीत. आणि त्या सकाळी खोलीत असलेली नर्स.

ठिकाण: शिवणाचं टेबल, खिडकीशी.

तारीख: मुदतीची.

सही: केली.

डावा अंगठा: पहिला पुसट आला, बोटं आखडली आहेत. दुसरा नर्सने माझा हात धरून उमटवला.