दुसऱ्याच्या परीक्षेचा कौल

बाबा, ताजी गोष्ट आधी सांगते. तो पास झाला. शुक्रवारी दुपारी आमच्या पर्सोनेलच्या बाईंनी मला कॅन्टीनच्या दारात थांबवून सांगितलं. ऐकीव नाही म्हणाल्या, प्रमाणपत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. परीक्षा संगणक-सुरक्षेची होती. या कामासाठी कारखान्यात नवा प्रमुख नेमायचा आहे, चतुर्थी झाली की जागा भरणार, आणि प्रमाणपत्र नसलेल्याचा विचारच होणार नाही, हेही त्यांनीच पक्कं केलं. "तुम्ही अजून बसू शकता हां," त्या म्हणाल्या, "या आठवड्यात नाव घातलं तर चतुर्थीच्या आधी परीक्षा होऊन जाते." मी हसले आणि ताट घेऊन लांबच्या टेबलावर जाऊन बसले.

तो कोण, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तो आमच्याकडे लागला. मांद्र्याचा आहे, घरच्यांचं समुद्राकडे लहानसं गेस्टहाउस आहे. पेडण्याच्या या कारखान्यातले सगळे संगणक तेव्हा मी एकटी सांभाळत होते. डिचोलीहून स्कूटरने जायचं, सर्व्हर बघायचे, कुणाचा प्रिंटर, कुणाचा ईमेल, आणि अंधार पडताना परत. त्याला माझ्या हाताखाली दिलं. कुठली वायर कुठे जाते, बॅकअप कुठे ठेवतो, कुठले साहेब आपला पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवून ठेवतात, हे सगळं मी त्याला दाखवलं. आता तोच माझ्या वर बसेल. मला त्याचा हेवा वाटतो, बाबा. हा शब्द मी पहिल्यांदाच लिहिते आहे. आजवर मी 'काळजी' म्हणत होते, 'कंपनीचं हित' म्हणत होते.

हेवा कसा असतो ते सांगते. मध्यंतरी मी सगळ्या कामगारांना एक खोटा ईमेल पाठवला होता, वरिष्ठांना सांगूनच. चतुर्थीचा बोनस जाहीर, इथे दाबा. कोण फसतो ते बघायचं आणि मग त्यांना शिकवायचं, अशी ती चाचणी असते. फसलेल्यांची नावं माझ्या पडद्यावर येत होती आणि मी एकच नाव शोधत होते. मोठे साहेब फसले, अकाउंट्सचे सगळेच्या सगळे फसले. त्याचा मात्र फोन आला. "ताई, मेल बरो जमलो हां तुमचो. पण पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर चुकीचा दिसला माका." मी म्हटलं, वा. फोन ठेवला आणि दिवसभर कुणाशी नीट बोलले नाही.

शुक्रवारी जेवणानंतर तो माझ्या टेबलापाशी आला. हातात खाज्यांची पुडी. पास झाल्याचे पेढे सगळेच आणतात, म्हणून याने जत्रेत मिळतात तशी खाजी आणलेली. मला आवडतात हे त्याला माहीत आहे. "ताई, तुमीय बसा. कठीण ना काय. माझी पुस्तकां आसत, जेवणाच्या सुट्टीत आपण दोघां करुया." कुत्सितपणे बोलला असता तर बरं झालं असतं. तो मनापासून बोलत होता आणि मला त्याच्या त्या चांगुलपणाचाच राग येत होता. "बघते," म्हटलं. वाटेत स्कूटरवर एकच हिशेब चालू होता. बसले आणि नापास झाले तर सगळ्या कारखान्याला कळणार. पास झाले तरी त्याच्यामागून पास झालेली. आणि बसलेच नाही, तर मी शिकवलेल्या माणसाला रजेचा अर्ज द्यायचा, निवृत्तीपर्यंत.

घरी आल्यावर तुमचा फोरमॅन आठवला. खरं तर तो 'तुमचा' कधीच नव्हता. तुम्ही खाणीवर मेट, तुकडीवर देखरेख करणारे. तोही तुमच्यामागून मेट म्हणून आला, सावंतवाडीकडचा. मग सरकारी परीक्षा देऊन तो फोरमॅन झाला आणि तुम्ही त्याच्या हाताखाली गेलात. मला दिसतं आहे आपलं स्वयंपाकघर. चतुर्थीचा दुसरा दिवस आहे. तो गणपतीला नमस्कार करायला येऊन गेला आहे, गणपतीवर टांगलेल्या माटोळीला बांधलेली रानफळं एकेक नाव घेऊन त्याने ओळखली आहेत, मला कंपासपेटी दिली आहे. तुम्ही चुलीकडे पाठ करून बसला आहात, उंडो पाव मोडून भाजीत बुडवता आहात. "ताका खाण खंय कळटा? पुस्तकां पाठ केलीं आनी जालो फोरमॅन!" मी नवी पेटी उघडझाप करत सहज विचारते, मग तुम्ही का नाही पाठ केली? आईचा झारा थांबतो. "देवान ना म्हटलां," तुम्ही म्हणता. "देवापरस तूं शाणी जालीस?" आणि ताट सरकवून उठता. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. ती कंपासपेटी मी शाळेत कधी नेली नाही.

देव नको म्हणाला, हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ होतं. तुम्ही देवळात जाऊन परीक्षेसाठी कौल लावला, देवाच्या अंगावरची डावी पाकळी पडली, म्हणजे देवाचा नकार, म्हणून बसला नाहीत. मला ते पटलेलं होतं. पुढे खाणीच्या ऑफिसातला टाकून दिलेला संगणक गोणपाटात गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर ठेवून तुम्ही माझ्यासाठी आणलात. आमोण्याच्या वळणावर गचका बसला तेव्हा खिडकीच्या लोखंडावर स्वतःचं कोपर आपटून घेतलंत, पण त्याला धक्का लागू दिला नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं, देवाने यांना जे नाकारलं, ते हे माझ्या वाट्याला देताहेत.

म्हणून काल रविवारी आईला मागे बसवून मीही आपल्या देवळात गेले. भटजी तेच आहेत, आता थकलेत, पण देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावताना हात कापत नाही. देवापुढे गाऱ्हाणं तेच घालतात, तेव्हा प्रश्न त्यांना मोठ्याने सांगावा लागतो. आई बाहेर पायरीवर होती. मी ठरवून गेले होते, परीक्षेला बसू का, एवढंच विचारायचं. पण तोंडातून आलं, "त्याला ती जागा मिळणार का, ते विचारा."

भटजींनी पाकळ्यांचं तबक खाली ठेवलं. "ताका खंयची जागा, तें तुका कित्याक?"

"तसंच विचारा."

"तुज्या बापायनय अशेंच केल्लें गो," ते म्हणाले, आणि हसले नाहीत. "तो फोरमॅन पास जातलो काय, तें विचारिल्लें. उजवी पडली. पास जातलो म्हूण देवान सांगलें."

"आणि स्वतःचं?"

"स्वताचें विचारूंकच ना. हांवें म्हटलें, आतां तुजें विचारूं? तर चपलां घालून गेलो." मग तबक परत उचलून मला म्हणाले, "सांग. आतां तुजें विचारूं?"

मी नको म्हटलं. उजवी पडली असती तर बसावं लागलं असतं, आणि डावी पडली असती तर मीही जन्मभर देवाचं नाव सांगत फिरले असते. नमस्कार केला आणि बाहेर आले. आईने माझं तोंड पाहिलं आणि ती पायरीवरून उठली. स्कूटर चालू करायच्या आधी मीच म्हटलं, बाबांनी स्वतःचा कौल घेतलाच नव्हता.

"म्हाका खबर आसलें," आई म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"घोवाची लज कोणाकडेन काडूं? चेडवाकडेन?" नवऱ्याची लाज मुलीपाशी कशी काढायची, एवढंच तिचं म्हणणं. लुगड्याचा काठ सावरून ती मागे बसली. "चल, पावस येता."

बाबा, मला तुमचा राग यायला हवा होता. आला नाही. तो पास होणार हे देवाकडून ऐकून तुम्ही देवळातून खाणीपर्यंत कसे चालत गेला असाल, ते मला नीट कळलं. शुक्रवारी स्कूटरवर मी तशीच घरी आले होते. फरक इतकाच, की तुम्ही डावी पडली म्हणालात आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून ते सांभाळलं. माझ्यासाठी कुणी ते सांभाळावं असं मला वाटत नाही. आई माझ्याकडेच राहते, तिने एकदा सांभाळलं तेवढं पुरे.

काल संध्याकाळी मी नाव घातलं. परीक्षा पणजीत, चतुर्थीच्या आधी. नाव घालताना देवाचं नाव घेतलं नाही, तुमचं घेतलं. मध्यरात्रीपासून हे लिहिते आहे. आता सोमवार उजाडला आहे, पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजतो आहे. हे पत्र कुणाला द्यायचं नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या टेबलापाशी जाणार आहे, पुस्तकं मागायला. तो खुर्ची देईल आणि पहिल्या पानापासून शिकवू लागेल. मीही ऐकेन, कारण मला यातलं बरंच येत नाही आणि त्याला येतं. पण अजून मी त्याचं अभिनंदन केलेलं नाही, बाबा. वाटेत शब्द जुळवून बघणार आहे. ते जुळले, तरी तो नापास झाला असता तर मला बरं वाटलं असतं, हे त्याच्यासमोर बसूनही मनातून जाईल असं वाटत नाही.