शिवेवर उतरवलेलं ओझं

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः आजी झाले, तरी गावावरचा माझा राग उतरलेला नाही. थोडा तुमच्यावरचाही. आपल्या पासलीच्या शिवेवर तुम्ही मुकाट्याने बाजूला सरकलात, तो दिवस काही केल्या पुसता येत नाही.

पण आधी त्याच्याही आधीचा दिवस. भोरला राजा होता तेव्हाचा. संस्थानचा मामलेदार फिरतीवर आला की त्याच्या पेट्या, तंबू, आंघोळीचं घंगाळ, सगळं गावच्या गड्यांनी फुकट वाहायचं. वेठच ती. पण ओझं आपल्या शिवेपर्यंतच न्यायचं, तिथून पुढच्या गावचे गडी उचलणार, ही जुनी रीत. तुम्ही गावचे पाटील, मी तुमची भाकरी घेऊन आलेली. पुढच्या गावचं कुणीच आलेलं नाही, ऊन मी म्हणतंय आणि मामलेदार घोड्यावरून ओरडतोय, "थांबलात कशाला? चला पुढे!" तुम्ही शिवेच्या शेंदूर फासलेल्या दगडापाशी ओझी उतरवायला लावता आणि हात जोडून म्हणता, "सायेब, आमचं हितपतूरच. आज फुडं आलो तर उद्या तुमी आमाला भोरपतूर न्याल." तो कोठडीत टाकायची धमकी देतो. तुम्ही पेटीला टेकून बसता. शेवटी तोही उतरला, हिरड्याच्या सावलीत बसला आणि पुढचे गडी येईपर्यंत तोंड पाडून बसूनच राहिला. त्याच्या आधीचे मामलेदारही तिथेच थांबले होते, आणि सगळ्यांदेखत ती रीत मोडायची त्याला लाज वाटली. सत्तेला लाज वाटताना मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

मग स्वातंत्र्य आलं. मी बाळंतपणाला माहेरी होते. आई चुलीपाशी नाचणीच्या भाकऱ्या थापतेय, आणि मला आनंद घरात मावत नाही. म्हटलं, "आबा, आता आपलंच राज्य!" तुम्ही ताटावरून मान वर केली नाहीत. "आपलं हाय म्हनून जास्त भ्या वाटतं, पोरी. परक्याला न्हाई म्हनता येतं. आपल्या मान्साला कसं म्हनायचं?" मी फणकारले, तुम्हाला राजाचाच पुळका आहे म्हणाले. तेव्हा तुम्ही डाफरलात, "राज्य कुनाचं का असंना, त्येला शिव पायजे!" आई म्हणाली, "लेकुरवाळी हाय ती, जेवू द्या की सुखानं." मी रागाने भाकरी तशीच ठेवून उठले.

संस्थान विलीन झालं आणि एक पुढारी गावात आला. मी तेव्हाही माहेरीच होते. देवळापुढे सभा झाली. "आजपासून वेठ बंद!" असं त्याने हात उंचावून सांगितलं आणि गाव टाळ्यांनी दणाणून गेला. तुम्हीही वाजवल्यात, मी बघितलं. सभा संपल्यावर तोच म्हणाला, खुर्च्या, टेबल, कागदांच्या पेट्या संध्याकाळच्या सभेला वेल्ह्यात पोचल्या पाहिजेत, देशाचं काम आहे. गड्यांनी चढाओढीने ओझी उचलली. शिवेवर आल्यावर तुम्ही आडवे उभे राहिलात आणि म्हणालात, "उतरवा. आमचं हितपतूर."

पुढारी हसला. "पाटील, शीव गेली आता. सगळा देश आपलाच."

"शिव न्हाई तर ह्या पोरांनी थांबायचं कुठं?" तुम्ही विचारलंत.

"राजा गेला, पण त्याचा हुजऱ्या राहिला की मागं!" तो गड्यांकडे वळून म्हणाला, आणि गडी हसले. आबा, तेच गडी. ज्यांच्या खांद्यांसाठी तुम्ही मामलेदाराच्या शिव्या खाल्ल्या होत्या, ते तुम्हाला घासून, जयजयकार करत पुढे गेले. तुम्ही पागोटं सारखं केलंत आणि बाजूला झालात. त्यानंतर चावडीची पायरी तुम्ही चढला नाहीत, आणि कुणी बोलवायलाही आलं नाही.

त्या पुढाऱ्याचा मला तितका राग नाही. तो वागला तसेच ते वागतात. पण आपल्या माणसांनी आपणहून, हसत ओझं पुढे नेलं आणि त्यालाच स्वातंत्र्य म्हटलं. आज त्यांची नातवंडं साहेबाच्या गाडीपुढे तशीच पळतात, आणि गाडी कुठे थांबायला हवी हे कुणालाच सांगता येत नाही. राजा वाईट होता हे मला मान्य आहे, तुम्हीही तो चांगला आहे असं कधी म्हणाला नाहीत. पण त्याला हटवताना त्याला अडवणारा दगडही आपण उपटून फेकला.

एक मात्र तुमच्याकडून ऐकायचं राहिलं. शिवेपर्यंत तरी का वाहायचं होतं, आबा? ओझं मुळातच उचलू नका, असं तुम्ही त्या गड्यांना एकदाही का सांगितलं नाहीत? तुमच्याकडे उत्तर असेल. मला मात्र ते सापडलेलं नाही, आणि म्हणूनच तुमच्यावरही राग आहे.

हे पत्र जाणार कुठे, पिठाच्या डब्याखालीच राहील. फक्त एक सांगते, घरात कुणाला ठाऊक नाही. पासलीची एसटी शिवेवरच्या त्या हिरड्यापाशी आली, की मी मांडीवरची पिशवी खाली ठेवते.