झोपाळ्याच्या कड्या

प्रिय दिग्विजय,

अनेक आशीर्वाद.

मी, हिंमतराव फत्तेसिंहराव पालांडे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार प्रतापनगर, बडोदे, शिक्षण मराठी चौथी, रेल्वेच्या कारखान्यातून सुतारकामावरून सन्मानाने निवृत्त, नात्याने तुझा बाप. सोमवारी कोर्टात अशीच सुरुवात करावी लागेल, असे तुझ्या वकिलांनी फोनवर समजावले. तू अलकापुरीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासून योगिनी दोन्ही मुलांसह आमच्याजवळ आहे. ती मुलांना शाळेत न घालता घरी बसवून त्यांचे नुकसान करते, सबब ताबा तुला मिळावा, असा तुझा अर्ज आहे. तो मंजूर झाला तर मोहना तुझ्याकडे आणि ध्रुव वसतिगृहात. आणि हे सर्व खरे आहे असे सांगण्यासाठी तू साक्षीदार म्हणून पहिले नाव माझे दिलेस.

तुझा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. आरंभी मी तुझ्याच बाजूचा होतो. ध्रुवला शाळेत एका जागी बसवत नसे, म्हणून त्याला मागच्या बाकावर डोके टेकून बसण्याची शिक्षा होई. तो ओल्या चड्डीने घरी येई आणि संध्याकाळपर्यंत बोलत नसे. मोहनाला फळ्यावरचे वाचताना अक्षरे पुढेमागे दिसत, पण कानावर एकदा पडलेले ती विसरत नसे. योगिनीने दोघांची नावे शाळेतून काढली, तेव्हा मी सर्वांदेखत म्हणालो, "सूनबाई, ही भातुकली आहे. शाळा म्हणजे चार भिंती, बाक आणि शिस्त." ती म्हणाली, "बाबा, दिवाळीपर्यंत बघा, मग रागवा." तुझी आई लसूण सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "चार भिंतींत बसूनही तुम्ही चौथीच्या पुढे कुठे गेलात?" मी जेवणावरून उठलो होतो.

दिवाळीपर्यंत मी पाहिले. आपला माजघरातला झोपाळा तुला आठवतो. तुझ्या बारशाच्या आधी मी सागवानाची फळी स्वतः रंधून तो टांगला, त्याच्यावरच तू झोपायचास. योगिनीने त्याचीच शाळा केली. मोहना खाली जमिनीवर बसून पाढा म्हणे, ध्रुव वर बसून पायाने रेटा देई. एक झोका, एक आकडा. झोका चालू असला की त्याच्या तोंडून पाढा आपोआप येई. दिवेलागणीला मी मोहनाला पावकी-निमकी म्हणून दाखवू लागलो. ती माझ्याकडून कानाने घेई आणि झोक्यावर भावाला देई. तिला समोर कोणी तरी ऐकणारा लागतो, त्याला पायाखाली हालचाल लागते. दोघे मिळून एक वर्ग होता. शेजारच्या कमळाबेन ढोकळ्याची थाळी घेऊन आल्या आणि दारातच थबकून हसल्या, "दादा, तमारो छोकरो तो हिंचका पर ज भणे छे!" मी म्हणालो, "हां बेन, झोक्यावरच शिकतो, आणि माझ्यापेक्षा चांगला शिकतो." हे वाक्य माझ्या तोंडून निघाले, याचे तुझ्या आईला अजून नवल वाटते.

त्यानंतर कोर्टाने नेमलेल्या समुपदेशक बाई घर पाहायला आल्या. तू समोरच होतास. ध्रुवला इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसवले होते. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी मायेने विचारले, "बेटा, सात पंचे किती?" ध्रुवने वर पाहिले. छताला दोन रिकाम्या कड्या होत्या. तो त्यांच्याकडेच पाहत राहिला. मोहना हळूच म्हणाली, "पाय हलव ना." तू तिला म्हणालास, "तू मध्ये बोलू नकोस, त्याला सांगू दे." बाईंनी पुन्हा विचारले. खुर्चीखाली ओल पसरली. बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतले. योगिनी त्याला उचलून आत घेऊन गेली.

त्याच संध्याकाळी मी झोपाळा पुन्हा टांगला. कड्यांना तेल दिले, फळी पुसली. ध्रुव त्यावर बसत नाही. आकडा उच्चारत नाही. मोहना जमिनीवर बसून पाढे म्हणते आणि रिकामी फळी स्वतः हाताने ढकलते. काल तिने मला विचारले, "आजोबा, मी बाबांकडे गेले तर याला झोका कोण देणार?" अन्न गोड लागत नाही. योगिनी मला एका शब्दानेही बोलत नाही. तिने बोलावे, अशी माझी फार इच्छा आहे.

आता हे पत्र लिहिण्याचे कारण. बाई येण्याच्या आदल्या सकाळी तुझा फोन आला होता. "आबा, झोपाळा काढून ठेवा. टेबल-खुर्ची मांडा. घर जरा शाळेसारखं दिसलं तर योगिनीचंच भलं होईल." मला आनंद झाला, की मुलाचे मन पाझरले. योगिनी नको म्हणत होती, मी तिला मोठेपणाच्या अधिकाराने गप्प केले आणि कड्यांतून साखळ्या माझ्या हातांनी सोडवल्या. परंतु त्याच्या आधीच्या रविवारी तू इथे आला होतास. ध्रुवने झोक्यावर तुला साताचा पाढा म्हणून दाखवला होता आणि तू टाळ्या वाजवल्या होत्यास. तुला ठाऊक होते की नव्हते, हे मी तुला विचारत नाही. विचारण्याची मला भीती वाटते. पण सोमवारी योगिनीचे वकील उलटतपासणीत मला विचारतील, झोपाळा कोणी काढायला लावला? मी शपथ घेतलेली असेन. मी आयुष्यात कोणापुढे हात जोडले नाहीत, आज तुझ्यापुढे जोडतो. बाळा, सोमवारच्या आत अर्ज मागे घे. ते जमत नसेल, तर बाईंना पुन्हा एकदा घरी येऊ दे, झोपाळा असताना. भरल्या कोर्टात बापाच्या तोंडून मुलाचे नाव वदवून घेऊ नकोस. कारण मला विचारले, तर मी ते नाव सांगणार आहे.

तुझाच,
आबा

हा मजकूर लिहून मोठ्याने वाचला तेव्हा हजर साक्षीदार: तुझी आई, मंदा. शेजारच्या कमळाबेन. मोहना, वय नऊ. ध्रुव, वय सात, हाही हजर होता. तो झोपाळ्याकडे पाठ करून बसला होता.