आजोबांच्या जाईची हिरवी छटा

१० एप्रिल, सकाळी ६
आई दीड महिन्यासाठी ताईकडे गेली. ताईचा पाय मोडलाय. जाताना म्हणाली, बाकी काही करू नकोस, फक्त कुंडीतल्या जाईला रोज पाणी घाल. तुझ्या आजोबांच्या हातची तेवढीच राहिलीय. मी म्हटलं, आई, मी तिला अमर करणार आहे. ती म्हणाली, बादली नळाखाली आहे.
संकल्प: प्रदर्शन. नाव ‘वारसा’. वीस चित्रं. रोज एक.

११ एप्रिल
कॅनव्हासला पांढरा हात दिला. वाळेपर्यंत चिंतन. बायको म्हणते घोरत होतात. चिंतन खोल होतं.

१५ एप्रिल
जाईची हिरवी छटा जमली! चार तास लागले. मग पाणी घातलं, तर पानं न्हाऊन चकचकीत. छटा साफ वेगळी. निर्णय: चित्र होईपर्यंत पाणी बंद. आजोबांना पटलं असतं.
आईचा फोन. जाई कशी आहे? म्हटलं, दिवसभर तिच्याकडेच बघतोय. खोटं एक अक्षर नाही.

२४ एप्रिल
छटा बिघडली. वेल पिवळी पडतेय. मॉडेलने जरा स्थिर राहायला काय होतं? पिवळा मिसळला.

२ मे
आता तपकिरी. बायको म्हणाली, अहो, पाणी बुडाशी घालतात, पानांवर नाही. पानं कोरडीच राहिली असती.
तांत्रिक मुद्दा. ती चित्रकार नाही.

९ मे
गॅलरीवाल्या बाई येऊन गेल्या. उरलेली एकोणीस कधी, असं विचारलं. विषय बदलला. मग म्हणाल्या, मरण फार प्रभावी उतरलंय. मी म्हटलं, ही बाग आहे. त्या म्हणाल्या, अच्छा.

१० मे, दुपार
सहा बादल्या ओतल्या. बुडाशी. चिखल झाला. होईल ठीक. झाडं चिवट असतात.

२२ मे
आई आली. पिशवी खांद्यावरच ठेवून कुंडीपाशी गेली. आत हिरवं उरलंय का बघायला खोड नखाने खरवडलं, मग आणखी खाली खरवडलं. कोरडं.
आत येऊन चित्रासमोर उभी राहिली. बराच वेळ. मला वाटलं, पोचलं. मग तिने वाळक्या वेलीवरच्या एका हिरव्या पानावर बोट ठेवलं. म्हणाली, हे कुठल्या फांदीवर आहे रे? तिथे खरवडून बघते.
सांगावं लागलं, ते मी रचनेसाठी टाकलंय.