मेणाच्या थाळीतले सात पेच

आप्पा, काल पोरानं बेळगावहून, कॅम्पातनं, एक मासे धरायच्या गळाची चरखी आणली. गोरे साहेब लोक आता गाशा गुंडाळून निघालेत, बंगल्याबंगल्यातनं सामान बाहेर पडतंय, त्यातली ही. पितळी, जुनी, हातात घेतली की जड.  मी ती खिडकीपाशी नेऊन उलटीपालटी करून पाहिली. तुम्ही सांधलेली ती नव्हती. पण हिच्याही एका भोकातले आटे गेलेत, पेच नुसता गरगर फिरतो, धरत नाही. पोरगा म्हणाला, "आई, आजोबा असल्याला काय करायचे गं?" आणि मी घडाघडा सांगत सुटले. भोक मोठं करायचं, त्यात आटे पाडायचे, तसेच आटे पाडलेली पितळेची खुंटी त्यात घट्ट फिरवून बसवायची, कथलाचा डाख द्यायचा, कानशीनं घासून सपाट करायची, मग त्या खुंटीतच नवं बारीक भोक आणि नवे आटे. "तुला एवढं कसं ठाऊक?" असं त्यानं विचारल्यावर मात्र चुलीवर दूध आहे म्हणत मी आत गेले. दूध नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी सासरहून, निपाणीहून, माहेरी आलते. पुढच्या खोलीत तुमचं दुरुस्तीचं दुकान, मागं आपण. कॅम्पातल्या एका साहेबाची चरखी तुम्ही तेलपाण्यासाठी उघडून ठेवलेली आणि तिचे सात पेच मेणाच्या थाळीत उभे रोवलेले, चरखीवर जो जिथं होता त्याच जागी. जुन्या वस्तूंचे पेच हातानं कापलेले, एकाच्या घरात दुसरा बसत नाही, हे मला पाळण्यात असल्यापासून ऐकून पाठ. तरी खंडेनवमीच्या सकाळी हत्यारं घासायला बसले आणि मला हुरूप आला. तुम्ही विहिरीवर आंघोळीला गेलेले. हत्यारं पुसून झाली, मग ती काळवंडलेली थाळी दिसली. पूजेच्या दिवशी एवढी घाण कशाला, म्हणून मेणाची चकती उचकटायला गेले, ती मधोमध तुटली आणि सातही पेच माझ्या मांडीवर सांडले. सगळे एकसारखे दिसत होते.  मेण तळहातात मऊ करून जोडलं, अंदाजानं पेच रोवले, थाळी होती तिथं ठेवली. तुम्ही दसऱ्यानंतर चरखी बसवणार होता. तोवर सांगू, असं मी मनाशी म्हटलं. खरं सांगते, तेव्हा मला सांगायचंच होतं.

हत्यारं पूजेला बसली, हळदकुंकू लागलं, आणि दुपारी साहेबाचा पट्टेवाला दारात. साहेब उद्या पहाटेच कणकुंबीला मासे धरायला निघणार, चरखी आजच पाहिजे. तुम्ही म्हणालात, "आज हत्यारं पूजेत हाईत, बाबा. उद्या दुपारी साहेबाच्या मागनं धाडतो." तो म्हणाला, "साहेबाला काय सांगू मग? खंडेनवमी हाय म्हनून सांगू व्हय?" दुकानाची जागा त्याच साहेबाच्या मर्जीवर होती.  तुम्ही पूजेतला पेचकस उचललात, कपाळाला लावलात. आई म्हणाली, "आवं, नगासा. वर्साचा दिवस हाय." तुम्ही थाळी पुढं ओढलीत. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. 'आप्पा, पेच बदलल्यात,' एवढं बोलायचं होतं.  पट्टेवाला होता, आई आधीच चिडलेली, नवीन लग्न झालेली मी, आणि तुम्ही पहिला पेच लावून पुढच्याला हातही घातला होता.

चौथा अर्ध्यावर अडला. एरवी तुम्ही तो मागं घेतला असता, पण थाळी कधी चुकत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून जोर दिलात. पेच एकदम हलका झाला. बाहेर काढलात तर त्याच्या आट्यांत पितळेचा चुरा, भोकातले आटे गेलेले. मग ती खुंटी, तो डाख, ती कानस, दुपारभर मान खाली घालून, आणि पट्टेवाला पायरीवर बसून दर थोड्या वेळानं "झालं का वो?" विचारत. बाकीचे पेच तुम्ही एकेका भोकात लावून बघत बसवलेत. झालं काम. साहेबाची तक्रार कधी आली नाही, जागाही गेली नाही. मी उगीच भ्याले होते.

दुसऱ्या दिवशी सोनं देऊन मी तुमच्या पाया पडले. तुम्ही आपट्याचं पान हातात घेऊन म्हणालात, "पोरी, थाळीत पेच म्याच भलत्या जागी रोवलं. दिसलंच न्हाय मला. तुला काय वाटतंय गं, डोळं कमी झालं का माझं?" आणि मी म्हणाले, "व्हय आप्पा. मलाबी लई दिवसांपास्नं तसं वाटत हुतं."

त्यानंतर तुम्ही बारीक काम घेतलं नाहीत. घड्याळं, शिवणयंत्रं, सगळी परत पाठवलीत. मरेपर्यंत कंदिलांना आणि बादल्यांना डाख देत बसलात. मी माहेरी आले की तुम्ही दुकानातनंच लांबनं ओळखायचा, माझ्या कानात नवीन काय आहे तेही सांगायचा, आणि मी मान फिरवायची. आई मला विचारायची, ह्यांनी कामाचा एवढा धसका का घेतला. मी म्हणायची, वय झालं. तुम्ही तेव्हा पन्नाशीचेही नव्हता.

हा कागद पोराच्या हाती लागायच्या आत चुलीत घालणार आहे. त्याला वाचता येतं. तुमचे डोळे चांगले होते, आप्पा. आणि त्या दिवशी तुम्ही स्वतःलाच दोष दिलात तेव्हा मला रडू आलं नव्हतं, हायसं वाटलं होतं.